दहाची फेरी

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं लोकांना किल्ला दाखवला आणि मी एकतीस वर्षांत एकदाही तो पाहायला गेले नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही, पण लाजूनही सांगत नाही. किल्ला टेकडीवर आहे आणि आमची गल्ली टेकडीच्या पायथ्याशी. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की तो समोर, न्हाणीघराच्या झरोक्यातून डोकावलं की तो समोर. जी वस्तू सवतीसारखी सकाळ-संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी आहे, ती बघायला दोनशे ऐंशी पायऱ्या कोण चढणार?

हे तिथे गाईड होते. दिवसाला चार फेऱ्या. पहिली दहाची, शेवटची चारची. मोठ्याने बोलायचं, वाऱ्यात बोलायचं, मागच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही ऐकू गेलं पाहिजे असं बोलायचं. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा घशातून नुसती हवा निघायची. आले की कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, आणि मग मौन. स्वयंपाकघरात एक पाटी टांगून ठेवली होती, तिच्यावर खडूने लिहायचे. ‘भाजी छान.’ ‘उद्या लवकर.’ ‘छत्री कुठे?’ डॉक्टरने सांगितलं होतं, आवाज टिकवायचा असेल तर घरी तोंड बंद. डॉक्टरचं काय जातं सांगायला. दिवसभर परक्या लोकांना शब्दांची मेजवानी आणि माझ्या वाट्याला गुळण्या.

मग दोघांचं बोलणं मी एकटीच बोलायचे. मला ते जमतं. माझी जीभ चालायला लागली की थांबत नाही असं माझ्या माहेरी म्हणायचे आणि सासरी नुसतं समजून घ्यायचे. हे पाटीकडे बघत बसायचे. मी म्हणायचे, अहो, ऐकताय का? तर मान हलायची. ती हो म्हणून हलली की मानेला कळ आली म्हणून हलली, हे कळायला मार्ग नव्हता.

चार महिन्यांपूर्वी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता गेले. एक बूट घातलेला, दुसरा हातात. मी आतून विचारलं, डबा घेतला का? उत्तर आलं नाही, तर त्यात मला काही नवल वाटलं नाही. डबा घेऊन बाहेर यायला मला पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

नंतर माणसं भेटायला आली. जो येईल तो एकच सांगायचा, काय बोलायचे हो, ऐकत राहावंसं वाटायचं. मी मान हलवायचे. माणसाबरोबर एवढी वर्षं काढली आणि त्याचं बोलणं कसं होतं हे मला येणारे-जाणारे सांगत होते. माझ्या लेकीने आणि मी फोन धुंडाळले. फोटो शेकड्यांनी. आवाज म्हणाल तर एके ठिकाणी अकरा सेकंद: ‘हो. आलो. ठेव आता.’ किल्ल्याच्या कार्यालयाने दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, तुमची फेरी रेकॉर्ड करून घेऊ या, कानाला लावायच्या यंत्रात घालू. ह्यांनी पाटीवर लिहून मला सांगितलं, ‘माझाच आवाज वर ठेवणार आणि मला घरी बसवणार.’ नाही म्हणाले. मीही म्हटलं, बरं केलंत.

गेल्या आठवड्यात तिकिटवालीचा फोन आला. ही बाई पूर्वी किल्ल्याच्या तिकीटखिडकीत बसायची. सात वर्षं तिथे बसून हिने ह्यांचं बोलणं ऐकलं, मग परीक्षा देऊन गाईड झाली आणि दहा वर्षं ह्यांच्या मागोमाग फिरली. आता चाळिशीला आली, दोन मुलांची आई आहे, पण आमच्या घरात तिचं नाव तिकिटवालीच राहिलं. हे तिच्यावर खूश होते. पाटीवर लिहायचे, ‘शब्दाला शब्द. खाकरतेसुद्धा माझ्यासारखी.’ मला तिचा राग यायचा, खोटं कशाला सांगू. जे मला मिळत नव्हतं ते तिला फुकट मिळत होतं आणि वर पगार.

ती म्हणाली, “काकू, सोमवारपासून यंत्रं येतायत. कोणा नटाचा आवाज घातलाय. मग आम्ही फक्त यंत्रं वाटायची आणि परत गोळा करायची. रविवारची दहाची फेरी माझी शेवटची. मी अजून सरांचंच बोलते, त्यांच्या शब्दांत. म्हटलं, तुम्हाला कळवावं.”

“कळवलंस ते चांगलं केलंस,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. तेवढ्यात मनाशी ठरलंच होतं. मला ते बोलणं एकदा ऐकायचं होतं. दुसऱ्याच्या तोंडून तर दुसऱ्याच्या तोंडून. रविवारी नाही ऐकलं तर ते जगातून गेलं.

लेक म्हणाली, “आई, तुझे गुडघे.”

“गुडघे माझे आहेत, मी बघून घेईन.”

रविवारी मी आठ वाजताच निघाले. पंधरा-पंधरा पायऱ्यांवर थांबत गेले. हे या पायऱ्या एकतीस वर्षं रोज चढले, डबा, छत्री आणि दुखरा घसा घेऊन, आणि घरी येऊन कधी हुश्श म्हणाले नाहीत. शंभराव्या पायरीला मला त्यांची कीव आली. दोनशेव्या पायरीला मला रडू आलं. बाजूने एक नवं जोडपं हसत-खिदळत वर गेलं. त्यांना वाटलं असेल, म्हातारीला धाप लागली आहे.

दहाच्या फेरीला आम्ही सात जण होतो. ते नवं जोडपं, एकसारख्या टोप्या घातलेल्या तीन बहिणी, निवृत्त मास्तरांसारखे दिसणारे एक गृहस्थ, ज्यांच्या हातात माहितीचं पुस्तक होतं आणि चेहऱ्यावर सगळं आधीच माहीत असल्याचा भाव, आणि मी. तिकिटवाली आली, तिने आम्हाला मोजलं, आणि माझ्यापाशी तिचं बोट अडलं.

“काकू, तुम्ही? येणार म्हणून बोलला नाहीत.”

“आले. मी इथे नाहीच असं समज. ते बोलायचे तसं बोल, एक शब्द इकडचा तिकडे नको.”

ती काही म्हणणार होती, पण मास्तरांनी घड्याळ बघितलं. मग तिने एक पाऊल मागे घेतलं आणि खाकरली. न्हाणीघराच्या दाराआडून मी ते खाकरणं वर्षानुवर्षं ऐकलं होतं. दोनदा बारीक, एकदा मोठं.

“मंडळी, डोकं सांभाळा,” ती दारापाशी म्हणाली. “हे दार बुटकं आहे आणि अडाणी आहे. त्याला माणसं ओळखता येत नाहीत. राजा आला तरी वाक, चोर आला तरी वाक. पाचशे वर्षांत याच्यापुढे ताठ मानेने एकच जण गेला, आणि तो चार वर्षांचा होता.”

लोक हसले. मीही हसले, वाकून आत जाता जाता. हे असं बोलायचे तर. पाटीवर ‘छत्री कुठे’ लिहिणारा माणूस असं बोलायचा.

आत मोठं अंगण, मग शस्त्रांची खोली, मग मुदपाकखाना. चूल एवढी की आम्ही सातही जण तिच्यात उभे राहिलो. तिकिटवाली एका कोपऱ्यात गेली. हे तिथेच उभे राहत असणार, कारण आवाज तिथून बरोबर घुमत होता.

“इथे रोज दोनशे माणसांचं रांधलं जायचं. राजा लढाईहून यायचा, घोड्यावरून उतरायचा आणि थेट इथे यायचा. म्हणायचा, जेवायला काय आहे? आणि राणी म्हणायची, आधी पाय धुवा. जग जिंकून आलात ते ठीक आहे, पण चिखल शेवटी माझ्याच घरात येतो.”

बहिणी खळखळून हसल्या. मी हसले नाही. ते वाक्य माझं होतं. जग फिरवून येता ते ठीक आहे, पण चिखल शेवटी माझ्याच घरात येतो, हे मी ह्यांना पावसापाण्याच्या दिवसांत किती वेळा ऐकवलं असेल याची गणतीच नाही.

वरच्या मजल्यावर शयनगृह. आखूड पलंग, भिंतीवर विटलेला पडदा. “राजाराणीचं पटायचं का, असं लोक विचारतात,” तिकिटवाली म्हणाली. “राजा फारसा बोलायचा नाही. राणी म्हणायची, तुमच्यापेक्षा भिंत बरी. बोलत तीही नाही, पण निदान घोरत तरी नाही.”

माझे कान तापले. तेही माझंच. पुढे जिन्यावर तिने राणीचं आणखी एक सांगितलं, पाहुण्यांवरून, ‘जेवायला चार आणि सूचना द्यायला चाळीस’, ते मी ह्यांच्या बहिणीच्या घरच्या मंडळींबद्दल म्हटलं होतं, तेही एकांतात. घरातलं माझं बोलणं या माणसाने चव्हाट्यावर मांडलं होतं आणि दिवसातून चार वेळा त्यावर हशा घेतला होता. आत्ता समोर असते तर मी त्यांची अशी खरडपट्टी काढली असती की राणीला आणखी वर्षभराचा मजकूर मिळाला असता.

मास्तरांनी पुस्तक मिटलं. “या राणीच्या बोलण्याला पुरावा काय? पुस्तकात कुठे नाही.”

तिकिटवाली माझ्याकडे न बघता म्हणाली, “आमच्या सरांना लोक हे नेहमी विचारायचे. ते म्हणायचे, पुरावा पक्का आहे, साहेब. मी रोज घरी ऐकतो.”

सगळे पुन्हा हसले आणि पुढे गेले. मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. मला वाटायचं, ह्यांचं लक्षच नसतं, एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात. एक शब्द सोडला नव्हता. सगळं उचलून दोनशे ऐंशी पायऱ्या वर आणलं होतं. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही, पण उठून चालायला लागले तेव्हा तो नव्हता.

शेवटी तटावर आलो. वारा होता. खाली सगळं जुनं गाव पसरलेलं, छपरांना छपरं लागलेली. तिकिटवालीने नदी दाखवली, पूल दाखवला, बाजाराचा घुमट, घड्याळाचा मनोरा. मनोऱ्यावर अकराला पाच कमी होते. तिने डावीकडे हात उचलला, तोंड उघडलं, आणि हात खाली घेतला.

“तर मंडळी, एवढंच. फेरी इथे संपली. सगळ्यांचे आभार.”

“अहो, एवढंच कसं?” तिन्ही बहिणींतली थोरली म्हणाली. “इथे ते हात हलवायचं असतं ना? मागे आम्ही आईला घेऊन आलो होतो, तेव्हा ते गाईडकाका होते. त्यांनी इथे सगळ्यांना हात हलवायला लावले होते. आई त्यावरून कितीतरी दिवस हसत होती.”

“ते आता नाही करत,” तिकिटवाली म्हणाली.

“का नाही करत?” मी पुढे झाले. “मी सकाळी काय सांगितलं होतं? एक शब्द इकडचा तिकडे नको.”

“काकू, राहू द्या ना. खरंच राहू द्या.”

“तू मला काय वाचवतेयस? मी एवढी चढून आले ती अर्धवट ऐकून जायला? बोल.”

तिने एकदा त्या बहिणींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पुन्हा खाकरली, दोनदा बारीक, एकदा मोठं, आणि डावीकडे हात केला.

“मंडळी, आता मनोऱ्याच्या डावीकडे बघा. तिसरं छप्पर. तिथे एक छोटी गच्ची आहे. मघापासून तुम्ही ज्या राणीला हसताय ना, ती पुस्तकात सापडायची नाही. ती तिथे राहते. बरोबर अकराला कपडे वाळत घालायला येते. आधी चादरी झटकते, मग टॉवेल, आणि सगळ्यात शेवटी माझे शर्ट. शर्ट जरा जोरातच झटकते, कारण मी हाताशी नसतो. रोज मी तिला इथून बघतो. इतक्या वर्षांत तिने एकदाही मान वर केलेली नाही, तिला या किल्ल्याचा राग आहे. पण कोणी सांगावं, आज करेल. चला, सगळ्यांनी हात हलवा.”

मी तिसरं छप्पर शोधलं. सापडायला वेळ लागला नाही, कारण आमच्या गच्चीला किल्ल्याच्या बाजूने निळा पत्रा आहे, माणसाच्या उंचीपेक्षा वर जाणारा. तो इथून लख्ख दिसतो. तो पत्रा मी लावायला लावला.

नऊ वर्षं झाली असतील. मी कपडे वाळत घालत होते, केस मोकळे, अंगावर फाटका झगा, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, मान वर गेली. पाहते तर तटावर दहा-बारा माणसं ओळीने उभी, आणि सगळी माझ्याकडे बघून हात हलवतायत. ओळीच्या टोकाला एक जण तर दोन्ही हात. मला वाटलं, टवाळी चालली आहे. मेल्यांनो, तुम्हाला दुसरं काम नाही का, असं ओरडून मी बादली तिथेच टाकून आत आले. संध्याकाळी ह्यांच्यावर तोफ डागली. तुमची ही माणसं निर्लज्ज आहेत, एका बाईला तिच्या गच्चीवर उभं राहू देत नाहीत, आणि तुम्ही काय दात काढत बसता तिथे? हे ऐकत होते. गुळणी तोंडातच राहिली होती. बऱ्याच वेळाने उठले आणि पाटीवर लिहिलं, ‘पत्रा लावू?’ मी म्हटलं, लावा, उद्याच्या उद्या लावा. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन त्यांनी स्वतःच्या हातांनी तो ठोकला. मी शिडी धरली होती.

“काकू,” तिकिटवाली माझ्याजवळ आली. बाकीच्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं. त्यांना कळलं होतं, मी कोण ते. “तुम्ही वर बघितलंत ना, त्या दिवशी सर दोनच्या फेरीत सनावळ्या चुकले, इतके खूश होते. आम्हाला सगळ्यांना सांगितलं, आज तिने पाहिलं. मग एक दिवस आले नाहीत, आणि आले तेव्हा तिथे पत्रा. मी विचारलं, सर, हे काय? तर म्हणाले, पाहिलं गं तिने, पण ओळखलं नाही. असू दे, एवढ्या लांबून कोण ओळखतं.”

“मग मला सांगायचं होतं. पाटी होती घरात. एक ओळ लिहायला काय झालं होतं?”

“तेही मी विचारलं होतं. म्हणाले, सांगितलं तर ती उद्यापासून रोज माझ्यासाठी वर बघेल, मान दुखली तरी बघेल. आणि ओरडली त्याचं आयुष्यभर मनाला लावून घेईल.”

मी तटाचा दगड धरून उभी राहिले. दोन्ही हात हलवणारा तो ओळीच्या टोकाचा माणूस मी पाहिला होता. उंच, जरासा वाकलेला, पांढऱ्या शर्टातला. तो शर्ट आदल्या दिवशी मीच वाळत घातला होता. एकतीस वर्षांत हा माणूस एकदाच माझ्याशी सगळ्या जगासमोर बोलला आणि मी त्याला ओळखलं नाही.

“पत्रा लागल्यावर काय करायचे?” मी विचारलं.

“काही बदललं नाही. फक्त एक वाक्य वाढवलं. आता ती पत्र्याच्या मागे आहे, तुम्हाला दिसणार नाही, तिलाही तुम्ही दिसणार नाही, पण हात हलवा, माझ्या हाताला सवय आहे. असं म्हणायचे.”

मनोऱ्याचे टोले पडायला लागले. थोरल्या बहिणीने हात वर केला. मग तिच्या दोघी बहिणींनी. नव्या जोडप्याने एकमेकांचे हात सोडले आणि हलवले. मास्तरांनी पुस्तक काखेत धरलं आणि तेही हलवायला लागले, जरा अवघडल्यासारखे. माझा हात काही केल्या उचलेना.

“मग?” मी म्हटलं. “याच्यानंतर काय बोलायचे?”

“काही नाही. इथे थांबायचे.”

“किती वेळ?”

“आधी, तुम्ही आत जाईपर्यंत. पत्रा लागल्यावर दिसायचं बंद झालं, तेव्हापासून मनोऱ्याकडे बघून दहा मिनिटं मोजायचे. मग म्हणायचे, आता गेली असेल आत. चला.”

आम्ही थांबलो. कोणी घाई केली नाही, कोणी फोटो काढला नाही. दहा मिनिटं झाली तशी तिकिटवाली माझ्याकडे बघायला लागली. ते शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निघेना. मीही बोल म्हणून सांगितलं नाही, कारण खाली आत जायला कोणी नव्हतं.